साठ रुपये, बोरीबंदर ते माण

शनिवार, ९ सप्टेंबर १९७२. सकाळचे साडेदहा वाजलेत. बोरीबंदर स्टेशनाच्या गर्दीतून तुम्ही बाहेर पडलात आणि समोर काळ्या दगडाची ती थोरली इमारत आली. बेसाल्टच्या काळ्या भिंती, मधूनमधून कुर्ल्याचा पिवळट दगड आणि वर घुमट. विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल तर तो इथं लगेच ओळखीचा वाटेल. जॉन बेग या वास्तुविशारदानं त्यालाच समोर ठेवून हे जनरल पोस्ट ऑफिस आखलं. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९१३ साली पुरं झालं. मुंबईकर त्याला नुसतं जीपीओ म्हणतात.

खिशाकडे हात नेऊ नका. ज्या यंत्रावर बोट टेकवून तुम्ही एका क्षणात पैसे पाठवता, ते इथं कोणी स्वप्नातही पाहिलेलं नाही. इथं पैसे माणसं पोचवतात. ते कसे, हे आज तुम्ही पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत पाहणार आहात.

गिरण्यांचा पगार नुकताच झालाय. हजारावर कामगार असतील त्या कारखान्यानं महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार द्यायचा, असा कायदा आहे. त्यामुळे या आठवड्यात लालबाग-परळपासून इथपर्यंत पोस्टाच्या प्रत्येक खिडकीपुढे रांग आहे. त्यात परवा गणपती. ज्यांना रजा मिळाली ते गावी गेले. ज्यांना मिळाली नाही, किंवा गाडीभाड्याचे पैसे घरी पाठवलेले बरे असं ज्यांनी ठरवलं, ते इथं आलेत.

आधी बाहेरच थांबा. कबुतरखान्याजवळ ताडपत्रीच्या सावलीत माणसं ओळीनं बसलीत. प्रत्येकापुढे बुटकं टेबल, त्यावर दौत, टाक, फॉर्मांचा गठ्ठा. हे पत्रलेखक. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र लिहून देणं, मनीऑर्डरचा फॉर्म भरून देणं, पार्सल शिवून देणं हा त्यांचा धंदा. कोणाला मराठी हवी, कोणाला हिंदी, कोणाला उर्दू. समोरचा माणूस लाजतलाजत सांगतो आणि हे मान खाली घालून लिहितात. मान वर करत नाहीत, म्हणूनच सांगणाऱ्याला सांगता येतं. कर्ज, आजारपण, बायकोवरचा राग, मुलीचं जमत आलेलं लग्न असं किती घरांचं गुपित या ओळीत बसलेल्या चारसहा माणसांना ठाऊक असेल! त्यातलं काही बाहेर गेलं तर उद्या त्यांच्या टेबलापुढे कोणी बसणार नाही.

एका टेबलाशी धोतर-सदऱ्यातले, चाळिशीचे गृहस्थ उभे आहेत. बगलेत कापडाचं गाठोडं. पुढे सात-आठ माणसं पाहून ते चुळबुळतात आणि तुमच्याकडे वळतात.

“दादा, तुमाला लिवाय येतंय न्हवं? फारम तेवढा भरून द्या की. दुपारपाळीला जायाचंय मला.”

तुम्ही हो म्हणता. ते एका गिरणीत साचेखात्यात आहेत. चौदाव्या वर्षी मुंबईला आले. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात राहतात, खानावळीत जेवतात. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. तुम्ही मनात वर्ष जुळवता आणि गप्प होता. हे १९७२ आहे. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला माण-खटावचा मुलूख एरवीही पावसाला पारखा. यंदा तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रावर दुष्काळ आहे. विहिरी तळाला गेल्यात, जनावरं विकली जातायत आणि गावोगाव बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत. पुढच्या वर्षी हे आणखी बिकट होणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना नाही. ते तसंच राहू द्या आणि फॉर्म हातात घ्या.

मनीऑर्डरचा फॉर्म नीट पाहा. एकाच कागदाचे तीन भाग आहेत. मोठ्या भागावर रक्कम, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता. दुसरा भाग पोचपावतीचा. पैसे मिळाल्याची सही घेऊन तो परत पाठवणाऱ्याकडे येतो. तिसरं कूपन, ते घेणाऱ्याकडे राहतं. त्यावर निरोपापुरती दोन-चार ओळींची जागा असते. १८८० सालापासून या देशात पोस्टामार्फत असे पैसे जातायत.

“किती पाठवायचे मामा?”

“साठ. साठ रुपये. आईच्या नावानं धाडा.”

आधी आकड्यात लिहायचं, मग अक्षरी. अक्षरी लिहिताना शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची नाही, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसवता येणार नाही. मग पत्ता: मुक्काम पोस्ट, तालुका माण, जिल्हा सातारा. आता कूपन. ते सांगू लागतात तसे तुम्ही लिहीत जाता.

“लिवा, तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. साठ पाठवलेत. तीस दुकानदाराचे फेडा, ऱ्हायलेलं घरात वापरा. गवरीला सुनंसाठी लुगडं पाठवलंय. उनात जास्ती काम करू नगंस म्हनावं. पोराला साळंतनं काढू नका. येवढं तर लिवाच, पोराला साळंतनं काढू नका.”

कूपनावर एवढी जागा नाही. तुम्ही अक्षर बारीक करता. गौरी, लुगडं, दुकानदार, शाळा, सगळं बसवता. शेवटी शाळेची ओळ राहते, ती कडेला उभी लिहिता. ते कागद हातात घेतात, वाचता येत नसूनही निरखतात आणि समाधानानं घडी घालू लागतात. घडी घालू नका, असं तुम्ही सांगता. ते कागद तसाच सपाट धरतात.

आता गाठोडं. शेजारीच पार्सल शिवणारा बसलाय. नऊवारी लुगडं, गिरणीच्या दुकानातून स्वस्तात मिळालेल्या फेंटाचे, म्हणजे कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे, पोराला शिवलेले दोन सदरे, चार वह्या, पाव किलो चहा. तो सगळं मांजरपाटाच्या तुकड्यात घट्ट बांधतो आणि दाभणानं शिवायला घेतो. टाके जवळजवळ आणि सारखे. कुठं टाका उसवून परत घातला तर ते दिसलंच पाहिजे, यासाठीच ही शिवण. मग शिवणीवर ठिकठिकाणी वितळलेली लाख टाकून तो शिक्का दाबतो. लाख जळल्याचा वास नाकात शिरतो. शिक्का फुटलेला असेल तर पार्सल घेणाऱ्यानं सही करण्याआधी तक्रार करायची, हे घरोघर माहीत आहे.

“मदी नोट ठेवू का दहाची?” मामा हळूच विचारतात.

“अजिबात नाही,” शिवणारा म्हणतो. “पैसे ठेवायचे तर विमा करावा लागतो. नाहीतर मनीऑर्डर आहेच की.”

कापडावर पत्ता शाईनं आणि मोठ्या अक्षरात. पाठवणाऱ्याचा पत्ता खाली डाव्या कोपऱ्यात. पार्सल कोणी घेतलं नाही तर परत यायला त्याला दार हवं.

चला आत. घुमटाखालच्या दालनात पाऊल टाकताच आवाज बदलतो. शेकडो माणसांचं बोलणं वर जाऊन एकच गंभीर गुणगुण होऊन खाली येतं. त्यातून ठळक ऐकू येतो तो शिक्क्यांचा ठोका: शाईच्या गादीवर एक, तिकिटावर एक. भोवतीनं खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीवर एक गरज उभी आहे.

कार्डाची रांग सगळ्यात लांब. दहा पैशांचं कार्ड. १८७९ साली ते आलं तेव्हा पाव आण्याला मिळायचं. घडी नाही, पाकीट नाही, झाकलेलं काही नाही. वाटेत कोणीही वाचावं. म्हणून लोकांनी त्याच्या खुणा ठरवल्या. कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं असेल तर घरात लग्न. कोपरा फाडलेला असेल तर कोणीतरी गेलं. ते कार्ड दाराबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. अक्षर न ओळखणारी म्हातारीही पोस्टमनच्या हातातला तो कोपरा बघून आधीच मटकन खाली बसते.

पाकिटांच्या खिडकीवर प्रत्येकाला वीस पैशांच्या वर आणखी पाच पैशांचं एक वेगळं तिकीट लावावं लागतंय. ते निर्वासितांसाठी. बांगलादेशातून आलेल्या लोंढ्यांसाठी गेल्या नोव्हेंबरपासून हा जादा आकार सुरू आहे. पुढच्या मार्चअखेर तो थांबेल. गेले दहा महिने ज्यानं ज्यानं पत्र पाठवलं, त्यानं त्यानं न पाहिलेल्या कुणासाठी पाच पैसे दिले.

परदेशी टपालाच्या खिडकीशी फ्रॉकमधली एक गोवेकर आजी निळ्या एरोग्रामची कड जिभेनं ओली करतेय. पत्ता कंपालाचा. ४ ऑगस्टला इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला सांगितलं आणि त्यांच्या हातात नव्वद दिवस ठेवले. तिथल्या सरकारी कचेऱ्यांत गोव्याच्या किती पिढ्या राबल्या. “मुलगा निघण्याआधी हे पोचेल ना?” ती खिडकीतल्या कारकुनाला विचारते. तो खोटा धीर देत नाही. विमान कधीचं आहे तेवढं पाहून सांगतो.

आणखी एका खिडकीवर पत्ताच नसलेली माणसं उभी आहेत. खलाशी, फिरते विक्रेते, काल शहरात उतरलेली पोरं. त्यांची पत्रं ‘पोस्ट रेस्टंट’ म्हणून जीपीओत येऊन थांबतात. नाव सांगा, ओळख पटवा, पत्र घ्या. ज्याला या शहरात घर नाही, त्याच्या पत्रालाही इथं जागा आहे.

मामांचा नंबर आला. मनीऑर्डरचा कारकून फॉर्म घेतो, आकडी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांवर पेन्सिल टेकवतो, पत्ता वाचतो.

“पिन?”

मामा तुमच्याकडे बघतात. हा शब्द देशात जेमतेम साडेतीन आठवडे जुना आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, १५ ऑगस्टला, तो सुरू झाला. तुम्हाला मात्र दहिवडीचा आकडा पाठ आहे. तुम्ही सांगता: ४१५५०८. कारकून टेबलावरची पुस्तिका उघडून पडताळतो आणि पहिल्यांदाच मान वर करून तुमच्याकडे पाहतो.

“सगळ्यांनी असं लिहिलं तर आमची रात्र वाचेल,” तो म्हणतो.

या आकड्यामागचा माणूस मराठी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित-कवी. या देशात एका नावाची गावं किती! नुसत्या महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. त्यात लिप्या वेगळ्या, अक्षर वेगळं, जिल्हा लिहायचं राहून गेलेलं. वेलणकरांनी सहा आकड्यांत सगळं बांधलं. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, महाराष्ट्र चारात. पहिले तीन मिळून पत्रं कुठं वर्गवारीला जाणार ते सांगतात. शेवटचे तीन नेमकं वाटपाचं पोस्ट. लिहिता न येणारा माणूसही सहा आकडे पाठ करू शकतो. मामा ते दोनदा पुटपुटतात.

नोटा मोजल्या जातात. दहाच्या पाच, पाचाच्या दोन, वर कमिशनचे पैसे. शिक्का पडतो. पावती बाहेर येते. मामा ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात. गाळ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत अशा पावत्यांची चळत आहे. गावच्या घराचं कौल, बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण यांचा सगळा हिशेब त्या चळतीत आहे.

“गवरीपत्तुर पोचंल का साहेब?”

“उद्या रविवार, परवा सुट्टी. बुधवारपर्यंत पोचायला हवी.”

पार्सलाच्या खिडकीवर वजन होतं, तिकिटं लागतात, नोंदणीच्या चिठ्ठीवर एक क्रमांक पडतो. या क्षणापासून ते मामांचं गाठोडं राहिलेलं नाही. ज्याच्या ताब्यात जाईल त्याच्या सहीचा तो आकडा आहे. मामा दुपारपाळीला निघतात. जाताना तुमच्या खांद्यावर हात ठेवतात आणि काही न बोलता गर्दीत मिसळतात.

तुम्ही मात्र त्या फॉर्मच्या मागोमाग जा.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. मामांच्या नोटा कुठंही गेलेल्या नाहीत. त्या मुंबईच्या तिजोरीतच राहिल्या. प्रवासाला निघाला तो फक्त कागद, आणि त्या कागदावरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या टोकाचं पोस्ट आपल्या पेटीतले साठ रुपये देणार आहे. मुंबईचा कारकून आणि दहिवडीचा पोस्टमास्तर एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तरी एकाची सही दुसऱ्याला पुरते.

रात्र. बोरीबंदरच्या फलाटावर हातगाड्यांवरून पोती येतायत. प्रत्येकाच्या तोंडाला सुतळी, लाखेचा शिक्का आणि पत्त्याची पट्टी. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात चढा. या डब्याला बाहेरून पत्र टाकायची फट असते. पेटी उघडून गेल्यावर ज्याला आठवलं, तो जादा आकार देऊन इथं पत्र टाकू शकतो. आत बसायला जवळजवळ जागाच नाही. भिंतीला लहान लहान खणांची मांडणी, वर दिवे, आणि त्यांच्यापुढे उभे असलेले सॉर्टर. गाडी सुटते, डबा हलू लागतो, पण त्यांचे हात हलत्या डब्याच्या वेगानं चालत राहतात. पत्र उचल, पत्ता वाच, खण गाठ.

या माणसांनी पोस्टांची नावं आणि त्यांच्या वाटा पाठ करून परीक्षा दिलेल्या असतात. पिन आज फार थोड्या पाकिटांवर आहे. बाकी सगळं या डोक्यांत आहे. कोणी मोडीच्या वळणाचं मराठी लिहिलंय, कोणी इंग्रजीत तालुका चुकवलाय, कोणी नुसतंच ‘शाळेजवळ’ म्हटलंय. सॉर्टर क्षणभर पत्र दिव्याखाली धरतो आणि योग्य खणात टाकतो. ज्या घराचं दार तो कधी पाहणार नाही, ते शोधायला त्यानं तो क्षण दिला.

इथं आकड्याचं एक मर्म समजून घ्या. ४१५ हे तीन आकडे साताऱ्याचे, पण चिपळूण-रत्नागिरीचा पिनही ४१५नंच सुरू होतो. मालवण-सावंतवाडीचा ४१६नं, म्हणजे कोल्हापूरचा. मधे अख्खा सह्याद्री उभा आहे, जिल्हे वेगळे, तरी टपालानं घाटावरचं आणि तळकोकणातलं एकत्र बांधलं. कोकण रेल्वे पुरी व्हायला अजून पंचवीसहून अधिक वर्षं आहेत. टपाल खात्यानं आपला नकाशा स्वतःच्या सोयीनं मांडला. तुम्ही आजही घरच्या पत्त्याखाली जे सहा आकडे लिहिता, त्यांत १९७२ सालची ती मांडणी जिवंत आहे.

पहाटेच्या अंधारात पोती साताऱ्याच्या बाजूला उतरतात. उतरवणारा मोजून देतो, घेणारा मोजून घेतो, दोघंही सही करतात. पुढे एसटीनं. मधे रविवार जातो, सोमवारी गणपती बसतात. मग दहिवडीच्या पोस्टात सुतळी कापली जाते. मनीऑर्डरी यादीशी ताडून पाहिल्या जातात. मुंबईचा शिक्का, कारकुनाची सही, आकडी आणि अक्षरी रक्कम. सगळं जुळलं की फॉर्म गावच्या शाखेच्या थैलीत जातो आणि वाटपाला लागणारी रोख त्याच थैलीतून जाते.

बुधवार. थैली घेऊन डाकवाला पायी निघालाय. उजाड माळ, सुकलेले ओढे, कणसं न धरलेली बाजरी. सप्टेंबर मध्यावर आला तरी हिरवं काही नजरेला पडत नाही. गावचं पोस्ट म्हणजे शाळामास्तरांच्या घराची पुढची खोली. एक लाकडी पेटी, एक शिक्का, एक तराजू, भिंतीला पत्रपेटी. मास्तर खात्याचे पुरे नोकर नाहीत. थोड्या मानधनावर, शाळा सांभाळून ते हे काम करतात. भारतातली बहुतेक पोस्टं खेड्यांत आहेत आणि त्यांतली बहुतेक अशाच कोणाच्या तरी घरातल्या खोलीवर चालतात.

पोस्टमन फॉर्म आणि पैसे घेऊन मामांच्या घरी जातो, तर घराला कडी आहे. म्हातारी आणि सून दोघी कामावर. सणाचे दिवस असले तरी पाझर तलावाचं काम बंद नाही. पोस्टमन परत फिरत नाही. घर बंद, असा शेरा मारून उद्या येणं त्याला चाललं असतं. पण उद्याही त्या कामावरच असतील. तो सरळ तलावाकडे वळतो आणि तुम्ही त्याच्या मागे.

धुळीत शेकडो बायका. हातोड्यांचा आवाज, टोपल्यांची रांग, डोक्यावरचे पदर दाताखाली धरलेले. पोस्टमन नाव घेऊन हाक मारतो. एक हाडकुळी म्हातारी हातोडी खाली ठेवते, हात लुगड्याला पुसते आणि उठते. तिचं पहिलं लक्ष त्याच्या हाताकडे जातं. कोपरा फाटलेलं काही नाही ना?

“आये, मनीऑर्डर हाय. मुंबैची.”

“बरा हाय न्हवं त्यो?”

“बरा हाय. साठ पाठवल्यात.”

तो नोटा तिच्या तळहातावर एकेक करून मोजतो. ती पुन्हा मोजते. मुकादम साक्षीला येतो. पोस्टमन शाईची डबी उघडतो, तिचा अंगठा धरतो आणि दोन ठिकाणी उमटवतो, एकदा फॉर्मवर आणि एकदा पोचपावतीवर. खडीनं अंगठ्याची कातडी इतकी झिजलीय की रेषा धड उठत नाहीत. तो दुसऱ्यांदा, जरा दाबून घेतो.

मग तो कूपन वाचतो. हे त्याच्या कामात बसत नाही, पण गावात वाचणारे थोडे आणि ऐकायला आसुसलेले फार. भोवती बायका गोळा होतात. दुकानदाराचे तीस. गौरीला लुगडं. उन्हात जास्ती काम करू नको. एवढं झाल्यावर तो कागद आडवा फिरवतो आणि कडेची उभी ओळ वाचतो, जी तुम्ही बारीक अक्षरात लिहिली होती: पोराला शाळेतून काढू नका.

सून खाली बघते. तिच्या शेजारीच दहा वर्षांचा पोरगा टोपली घेऊन उभा आहे. आज शाळेचा दिवस आहे आणि तो इथं आहे. म्हातारी बराच वेळ काही बोलत नाही. मग पोराच्या हातातली टोपली काढून घेते आणि त्याला मास्तरांच्या घराकडे पाठवते. तिथं एक पार्सल आलंय, असं पोस्टमननं नुकतंच सांगितलंय. त्यात वह्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पोचपावती उलट्या वाटेनं निघाली. मास्तरांची पेटी, दहिवडी, एसटी, रात्रीचा डबा, मुंबई. आठवड्याभरात लालबागच्या गाळ्यात एक कागद येईल. त्यावर अक्षर नसेल, फक्त अंगठा असेल. मामांना तो वाचता येईल.

तुम्हाला आता आपल्या काळात परत यायचंय. इथल्या बऱ्याच गोष्टी पुढे बदलल्या. १९८६ साली स्पीड पोस्ट आलं. २०१३ साली तार बंद झाली. कागदाची ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली थांबली आणि पैसे संगणकावरून जाऊ लागले. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. जीपीओबाहेरच्या पत्रलेखकांचा धंदा जवळजवळ संपला. ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यासाठी हे सगळं सोपं झालं आणि ते चांगलंच झालं. चार दिवस आईच्या पोटाला वाट बघायला लावण्यात थोरवी काहीच नव्हती.

पण या वाटेवर तुम्ही जे पाहिलंत ते विसरू नका. शिवणारा, कारकून, सॉर्टर, पोती मोजून घेणारा, दहिवडीचा मास्तर, डाकवाला, पोस्टमन. साठ रुपयांचा कागद आणि एक गाठोडं एवढ्या हातांतून गेलं आणि त्यांतला प्रत्येकजण ते कुणाचं आहे हे न विचारता जबाबदार राहिला. बहुतेकांनी त्यावर आपली सही ठेवली. दिल्लीचा मंत्री आणि माणची म्हातारी यांच्या टपालाला एकच दर होता, एकच शिक्का होता. १८५४ साली अंतर कितीही असो पत्राला दर एकच, हे तत्त्व या देशानं घेतलं. दूरचं गाव म्हणून कोणी महाग नाही आणि कोपऱ्यातला म्हणून कोणी वगळायचा नाही, हे त्यातून आलं. गरिबाला सरकारचा चांगला अनुभव जर कुठं आला असेल, तर तो पुष्कळदा खाकी कपड्यातल्या पोस्टमनच्या रूपानं आला.

आणि तो माणूस अजून आहे. २०१८ सालापासून पोस्टाची स्वतःची पेमेंट्स बँक आहे. आजही तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर पोस्टमन लहानसं यंत्र घेऊन जातो, म्हातारीचा अंगठा त्यावर टेकवतो आणि तिची पेन्शन तिच्या हातात मोजून देतो. बँकेची शाखा दूर, फोन साधा, डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, अशा माणसाशी यंत्राचं जमत नाही तेव्हा दुसऱ्यांदा, जरा दाबून अंगठा घेणारं कुणीतरी समोर असावं लागतं. देशातल्या दीड लाखाहून अधिक पोस्टांपैकी एखादं तोट्यात आहे म्हणून बंद करायचं ठरेल, तेव्हा जमाखर्चाच्या वहीत या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाची किंमतही मांडायला हवी. ती मांडायला सांगण्याचा हक्क तुमचा आहे, कारण त्यानं कोणासाठी किती चालायचं ते तुम्ही आता पाहिलंय.